वावर दिखनं का?

नाही, पण खोक्यावर 'नवशिक्यांसाठी उत्तम' असं छापायचं आणि आत सत्तेचाळीस पानांचं माहितीपुस्तक घालायचं, तेही अशा इंग्रजीत की प्रत्येक वाक्य वाचून आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं, याला काय म्हणायचं? नवशिका कोण, तर मी. वय त्रेसष्ट. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी, त्यातली एकोणीस खरेदीच्या टेबलावर. उडवण्याचा अनुभव विचाराल तर एक पतंग, तोही दुसऱ्यानं वर चढवून माझ्या हातात दिलेला. आणि मला सांगतात, ड्रोन उडवा!

तुम्हाला सांगतो, मला ड्रोन नकोच होता. तो हवा होता माझ्या सासऱ्यांना. म्हणजे त्यांनाही ड्रोन नको होता, त्यांना त्यांचं वावर बघायचं होतं. आता घरामागं अर्ध्या किलोमीटरवर असलेलं स्वतःचं शेत बघायला माणसाला विमान का लागावं, असं तुम्ही विचाराल. विचारा. मीही विचारलं होतं, त्यातच अडकलो.

आमचे सासरे चिंधाआबा. पारोळ्याहून धुळ्याकडं निघालात की डाव्या हाताला फाटा लागतो, तिथून आत त्यांचं गाव. वय शहाऐंशी. दोन वर्षांपूर्वी विहिरीपाशी पाय घसरला, खुब्याचं हाड गेलं, धुळ्याला ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हिसका म्हणून बसता कामा नये. वावराची वाट नाल्यातून जाते, तिथं ट्रॅक्टर नेला तर हिसक्यांशिवाय दुसरं काही नाहीच. बरं, चौघांनी खाटेवरून न्यावं म्हटलं, तर आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "चार जन उचलतीन ते एकच दाव. त्यानी घाई काब्र?" झालं. तिरडीची भाषा निघाल्यावर खाट उचलणार कोण? तेव्हापासून आबा ओसरीतल्या खाटेवर आणि चार एकर कपाशी नाल्यापलीकडं.

मग माझा मेव्हणा भाईदास शेतात जाऊन व्हिडिओ कॉल करायचा. तो बिचारा कापसाचं बोंड दाखवायला जायचा आणि आबांना दिसायचं काय, तर आधी आभाळ, मग भाईदासचा अंगठा, मग चपला, मग पुन्हा आभाळ. आबांना घेरी यायची. आणि वर संशय! "तू माले फुटेल कापूसनाच कोपरा दखाडस. बठ्ठं वावर दखाड." आता सगळं वावर एका फोनमध्ये कसं मावणार? भाईदास बांधावर उभा राहिला, बैलगाडीवर चढला, एकदा लिंबावर चढला… लिंबावरून फोन पडला. तो विषय तिथं संपला.

संपला म्हणजे, आमच्याकडं आला. माझी बायको दीपमाला म्हणाली, अहो, लग्नात वरून शूटिंग करतात ते यंत्र असतं ना, त्यात आबांना सगळं दिसेल, तुम्ही खरेदीच्या टेबलावर होतात, एखादा परवडणारा ड्रोन बघून आणा. एखादा! तुम्हाला सांगतो, 'एखादा' हा शब्द आमच्या टेबलावर कधी चालला नाही. आम्ही टाचण्यांची डबी घेतली तरी तीन ठिकाणची दरपत्रकं मागवायचो. मी त्याच दिवशी फूलस्केप कागद काढला, आडवा धरला, चौदा रकाने आखले. बाब, पहिला, दुसरा, तिसरा, वाऱ्यात टिकतो का, पडल्यावर उठतो का…

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन. आबा. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. "जवाईबापू, वावर दिखनं का?"

म्हटलं, आबा, अजून तुलना चालू आहे.

तर तुलना. मोबाईलवर व्हिडिओ बघायला घेतले. एक तरुण येतो, हात चोळतो, "नमस्कार मित्रांनो, आज आपण अनबॉक्स करणार आहोत…" आणि सात मिनिटं खोकंच उघडतो. शेवटी म्हणतो, या किमतीत याच्याहून चांगला ड्रोन नाही. चांगलं आहे. दुसऱ्या व्हिडिओत तोच तरुण, शर्ट वेगळा, ड्रोन वेगळा, म्हणतो, या किमतीत याच्याहून चांगला ड्रोन नाही. तिसऱ्यातही तेच. आमच्या कचेरीत असा अहवाल कुणी दिला असता तर साहेबांनी त्याला वारसनोंदीच्या टेबलावर बसवला असता. बरं, ग्राहकांची मतं वाचावीत, तर एक जण लिहितो, "वस्तू छान आहे, पहिल्याच दिवशी हरवली, पाच तारे." आता हे तारे कुणाला? हरवणाऱ्याला?

आणि सकाळी आठला, "जवाईबापू, वावर दिखनं का?"

पहिला नमुना भाच्याकडं पडून होता, तो आणला. खेळणंच ते. हॉलमध्ये सोडला, पंखा दोनवर होता, तर हा बाबा तरंगत तरंगत स्वयंपाकघरात गेला आणि फोडणीच्या वासानं की कशानं, ओट्याखाली जाऊन बसला. त्याला 'हेडलेस मोड' म्हणून एक सोय होती. म्हणजे यंत्राचं तोंड कुठंही असो, ते आपण ढकलू तिकडं जाणार, स्वतःची अशी दिशा ठेवायचीच नाही. म्हटलं, यात नवीन काय? आमच्या कचेरीत चौतीस वर्षं हेच चालू होतं. रकान्यात लिहिलं, 'अनुभव आहे.'

दुसऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल खोक्यावर फोर-के लिहिलेलं. मित्राच्या मुलाकडं होता तो, त्यानं आमच्या दीपमालेचा गच्चीवरून फोटो काढला. तिनं चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि मला म्हणाली, ही कोण? बाद.

तिसरा घेतला. याला उपग्रह सापडतात, कॅमेरा बरा, आणि चार्जिंग संपत आलं की आपणहून घरी परततो. मला तर हे फार आवडलं. कचेरीत पाच वाजले की सगळे असेच जायचे. बॅटरी अठरा मिनिटं असं छापलेलं, मी घड्याळ लावलं, अकरा मिनिटं भरली. तेही लिहिलं. मग घरात उडवून पाहावा म्हटलं, तर आमच्या पांढऱ्याशुभ्र फरशीवर तो स्थिरच राहीना. पुस्तकात पाहिलं, पान बावीस: याच्या पोटाखाली एक डोळा असतो, त्याला जमिनीवर नक्षी दिसावी लागते, कोरी जमीन त्याला कळत नाही. मग चटई टाकली, सतरंजी टाकली, शेवटी दीपमालेची ठिगळाठिगळांची गोधडी टाकली, तर तिच्यावर असा डौलात थांबला की विचारू नका. 'गोधडी आवश्यक,' मी लिहिलं. दीपमाला दारात उभी होती. म्हणाली, "अहो, आबांना वावर बघायचंय. तुमचा तक्ता नाही."

म्हटलं, घाईत घेतलेली वस्तू…

"भाईदास सोमवारी कपाशी उपटून टाकतोय. ट्रॅक्टर ठरलाय. दोन हंगाम गेले, आबांनी स्वतःच्या वावरातलं उभं पीक पाहिलं नाही. तुमचे रकाने भरले की मग काय दाखवणार त्यांना, ढेकळं?"

तुम्हाला सांगतो, एवढं बोलून ती आत गेली आणि पेन माझ्या हातातच राहिलं. म्हणजे रविवार. फक्त रविवार. तेवढ्यात फोन वाजला… हो, आबाच. आणि काय विचारलं असेल ते आता तुम्हीच म्हणा. त्या दिवशी मात्र आवाज जरा बारीक होता.

तर शनिवारी दीपमाला आणि मी जळगावहून गावी पोचलो. एसटीत कंडक्टरनं मांडीवरचं खोकं पाहून विचारलं, काय आहे? म्हटलं, विमान. म्हणाला, मग आमच्याबरोबर कशाला येताय?

रविवारी सकाळी सगळं तयार. पण धुकं! जानेवारीचं धुकं, समोरची गाय दिसत नाही तर वावर काय दिसणार? पान नऊ: धुक्यात उडवू नये. म्हटलं, आबा, साडेदहाशिवाय जमायचं नाही. आबांनी उशाखालचं पंचांग काढलं, नाकाला लावून वाचलं आणि म्हणाले, नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंतच वेळ चांगली, पुढं नाही. आता आली पंचाईत. इकडं पान नऊ, तिकडं नऊ दहा.

पण आबांकडं तोडगा तयार. "मंग प्रस्थान ठेवा." प्रस्थान तुम्हाला माहीतच असेल. चांगल्या वेळेला निघता येत नसेल तर त्या वेळेला आपली एक वस्तू वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची, सुपारी, हळकुंड, काहीही. म्हणजे आपण निघालो असं धरतात, मग पुढं सावकाश जायचं. आता सुपारीचं ठीक आहे हो. ड्रोनचं प्रस्थान? पण सासरे म्हणाले म्हटल्यावर जावयानं कुठं बोलायचं? विचारलं, कुणाकडं ठेवू? आबा म्हणाले, कुणाकडं म्हणजे, आपलं प्रस्थान जिथं जातं तिथंच, मिश्रीलालच्या घरी.

यावर भाईदासनं माझ्याकडं पाहिलं आणि मी पंचांगाकडं.

कारण असं आहे… मिश्रीलालशेठ म्हणजे गावातले जुने दुकानदार, पणजोबा राजस्थानातून आले, हे बोलतात आमच्यापेक्षा चांगली अहिराणी. आबांच्या अंगणापासून दोनशे पावलांवर घर, वावराच्याच वाटेवर. साठ वर्षं आबांची संध्याकाळ त्यांच्या ओट्यावर गेली. पण आबा पडले, शेठ भेटायला आले, तर आबांनी पांघरूण डोक्यावर घेतलं. पडलेलं कुणी बघायला नको. शेठ दुसऱ्यांदा आले, आबा झोपल्याचं सोंग करून पडले. तिसऱ्यांदा शेठ आले नाहीत. दोन वर्षं झाली. आणि प्रस्थान मात्र त्यांच्याकडं! म्हणजे माणूस नको, ओटा चालतो.

बरं, मी यंत्र उचललं तर आबा म्हणतात, चालू कर. म्हटलं, आबा, बॅटरी जाईल. तर म्हणाले, "निंघेल मानूस जित्ता ऱ्हास. बंद वस्तूनं कसानं प्रस्थान?" केलं चालू. काय करता!

शेठ आंघोळीला गेले होते, लाडकुंवरकाकी, म्हणजे शेठाणी, बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांना यत्किंचितही नवल वाटलं नाही, जणू रोज कुणीतरी विमान ठेवून जातं. म्हणाल्या, ओट्यावर कुत्रं येतं, गच्चीवर ठेवा, पण लवकर उचला, मला मंगोड्या घालायच्या आहेत. मंगोड्या म्हणजे मुगाच्या डाळीच्या बारक्या वड्या, वर्षभर भाजीत टाकतात. नऊ वाजून आठ मिनिटांनी मी तो गच्चीवर ठेवला. हिरवा दिवा लुकलुकला, मोबाईलवर आलं, उपग्रह बारा. म्हटलं, वा, धुक्यातही बारा सापडले.

सव्वादहाला धुकं विरलं. मी जाऊन यंत्र उचललं, काकी मागं पातेलं घेऊन उभ्याच. अंगणात आणलं. आबांची खाट उन्हात ओढलेली, जमिनीवर गोधडी घातलेली, तीही गावातली, रंगीत. मोबाईल पाहिला तर बॅटरी निम्मी. म्हटलं, आबा, एक मिनिट, बदलतो. आबांनी नुसता हात वर केला. बंद केलं तर प्रस्थान मोडेल. भाईदास म्हणाला, भाऊजी, असंच उडवा, पाच मिनिटं तर पाच मिनिटं. आता मोबाईल अडकवायचा रिमोटला, रिमोट माझ्या हातात, आणि दाखवायचं आबांना. म्हणून मी सरळ त्यांच्या खाटेवर, त्यांच्या उशीवर, डोक्याला डोकं लावून आडवा झालो. सासऱ्याशेजारी असा जावई उभ्या खानदेशात कधी निजला नसेल.

आणि उडालं! घूंऽऽ करून छपराच्या वर, चिंचेच्या वर, नाल्यावरून पलीकडं. चित्र थरथरलं, अडकलं, तुटलं… आणि मग एकदम स्वच्छ. पांढरी कपाशी. मधून तुरीचे हिरवे पट्टे. विहीर. लिंब.

"आबा, हे बघा. बठ्ठं."

आबांनी बोट पुढं केलं, पडद्यावर चार एकरांच्या एका टोकाला ठेवलं, दुसरं बोट दुसऱ्या टोकाला. दोन बोटांत सगळं वावर मावलं.

"इतलंसंच शे?"

म्हटलं, आबा, वरून तसं दिसतं.

"साठ वरीस माले ते सरतच नव्हतं," आबा म्हणाले. मग बोट हिरव्या पट्ट्यावर नेलं, "तूर बरी शे."

एवढ्यात टूं टूं टूं. पडद्यावर लाल अक्षरं, बॅटरी कमी, घरी परतत आहे. म्हटलं, परत बाबा. माझं काम झालं होतं. कपाशी उपटायच्या एक दिवस आधी झालं होतं, मी तर मनातल्या मनात चौदाही रकान्यांवर सही केली. यंत्र नाल्यावरून आलं, चिंचेवर आलं… आणि अंगणाकडं न वळता पुढं गेलं.

"भाऊजी," भाईदास म्हणाला, "ते चालनं."

चालनं म्हणजे? मी डावी काडी ओढली, उजवी ओढली, तांबडं बटण दाबलं, हिरवं दाबलं, दोन्ही दाबली. ते आपलं सरळ, शांत, ओळखीच्या वाटेनं निघालेलं. तेव्हा मला पान एकतीस आठवलं: यंत्र चालू केल्यावर उपग्रह जिथं पहिल्यांदा सापडतील, त्या जागेला ते घर समजतं. वाचलं होतं हो! पण 'माहितीस्तव' असा शेरा मारून पुढं गेलो होतो. चौतीस वर्षांची सवय, माहितीस्तव आलेल्या कागदावर कुणी कधी काही केलंय?

आता आबांच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर, एकाच उशीवरून, मिश्रीलालशेठची गच्ची मोठी मोठी होत गेली. पांढरं धोतर पसरलेलं. त्यावर ओळींनी मंगोड्या, कशा, आखून लिहिल्यासारख्या. बाजूला पाटावर चिमण्या हाकायला काठी घेऊन बसलेला एक माणूस. यंत्र खाली आलं. वारा सुटला. पहिली ओळ उडाली, दुसरी उडाली, ओल्या मंगोड्या त्या माणसाच्या सदऱ्यावर, कानावर… त्यानं काठी उगारली. मी डोळे मिटले. पण आवाज आला नाही. डोळे उघडले तर काठी खाली, तो माणूस वाकून कॅमेऱ्यात बघतोय आणि सगळ्या पडद्यावर फक्त चेहरा. दात नाहीत, पांढरे खुंट वाढलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा कपाळावर, गालाला मंगोडी चिकटलेली.

आबांनी माझ्या हातातला रिमोटच जवळ ओढला.

"हाऊ कोन?"

"मिश्रीलालशेठ, आबा."

"इतला म्हतारा कव्हय व्हयना हाऊ?"

आणि मग दोनशे पावलांवरून, मोबाईलमधून नाही, खरीखुरी, गच्चीच्या कठड्यावरून हाक आली. "चिंधा! जित्ता शेस हाई सांगाले तुले विमान धाडनं पडनं का?"

दीपमालेनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काय ते मी पाहिलं नाही. हाक मारून शेठ पुन्हा कॅमेऱ्यापुढं आले. शेठनं गालावरची मंगोडी काढली, पाहिली, तोंडात टाकली. मग पडदा काळा झाला. बॅटरी संपली.

"भाईदास," आबा म्हणाले, "खुर्ची आन."

भाईदासला ऐकू आलं नाही की खरं वाटलं नाही कुणास ठाऊक, तो तसाच उभा. आबा म्हणाले, "बहिरा व्हयना का? खुर्ची आन, माले मिश्रीलालकडे नेई चाल. जवाईबापू एक आंगे धरतीन."

नेलं. रस्ता सपाट, सिमेंटचा, हिसका नाही, दोनशे पावलं. मी मोजली, कारण मध्ये दोनदा टेकवावं लागलं. ओट्यावर खुर्ची ठेवली. दोघं म्हातारे समोरासमोर. मला वाटलं, आता रडणार. तर शेठ म्हणतात, मंगोड्या कोण वेचणार? आबा म्हणतात, जवाई वेचतीन. वेचल्या. लाडकुंवरकाकी शेजारी उभ्या राहून, ही राहिली, ती राहिली, असं दाखवत होत्या. यंत्राच्या एका पंख्यातून तीन निघाल्या.

सोमवारी कपाशी उपटली. भाईदास येऊन भीत भीत म्हणाला, आबा, वावर मोकळं झालं. आबा म्हणाले, बरं. एवढंच! मी दीड महिना ज्या वावरासाठी डोळे फोडले, ते 'बरं'. म्हटलं, आबा, नांगरट झाली की पुन्हा वरून दाखवू का? तर माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी काही विकायला आलोय. "वावर कोठे पळी जास? ते जागावर शे." आणि सकाळी आठला, ज्या वेळेला दीड महिना फोन यायचा त्याच वेळेला, आता फोन येत नाही, आबा स्वतः अंगणातून हाक मारतात, मिश्रीलालकडं चला. कारण मी इथंच आहे. एका दिवसासाठी आलो होतो, आज अकरावा दिवस. भाईदास एकटा खुर्ची उचलू शकत नाही, गड्यानं उचललेलं आबांना चालत नाही, म्हणतात, घरनी मानसं शेत ना, म्हणजे घरची माणसं आहेत ना. दीपमाला जळगावला परत गेली, ती रोज फोनवर विचारते, ड्रोनचं काय ठरलं, ठेवायचा की परत करायचा? म्हटलं, थांब, हात दुखतायत.

आणि तुम्हाला आता घ्यायचाच असेल ना, तर घ्या, माझं काही म्हणणं नाही, यंत्र चांगलं आहे. खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत त्याचं वजन छापलंय, दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. आबांचं वजन कुठंच छापलेलं नाही. ते मला आणि भाईदासला रोज सकाळी आठला नव्यानं कळतं.